मुक्तस्रोत संगणकप्रणालीचे वितरण : संपीडनाची पद्धत कशी निवडावी?

संगणकप्रणाली तयार करणे हे जसे एक काम आहे, तसेच ती लोकांच्या हाती सुखरूप पोहोचविणे हेही एक स्वतंत्र काम आहे. मुक्तस्रोत प्रणालीच्या बाबतीत या दुसऱ्या कामास विशेष महत्त्व प्राप्त होते. अशा प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असते, ती कोणीही उतरवून घ्यावी, तपासावी, दुरुस्त करावी व पुढे द्यावी अशी अपेक्षा असते. परंतु शेकडो फायलींचा तो पसारा एकेक करून पाठविता येत नाही. त्याचा एक गठ्ठा बांधावा लागतो आणि जागा व वेळ वाचावा म्हणून तो दाबून लहानही करावा लागतो. या दाबून लहान करण्याच्या क्रियेस संपीडन, अथवा व्यवहारात 'कॉम्प्रेशन', असे म्हणतात.

संपीडनाच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतील सर्वांत नवी किंवा सर्वांत लहान गठ्ठा बांधणारी पद्धत हीच सर्वांत चांगली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. गठ्ठा बांधणारा तो एकदाच बांधतो, परंतु सोडणारे अनेक असतात. म्हणून पद्धतीची निवड बांधणाऱ्याच्या हौसेवरून न करता सोडणाऱ्याच्या अडचणीवरून करावी, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून एक उदाहरण घेऊ. निपाणी, बेळगाव व खानापूर या भागांतील शाळांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांशी मुलांचा रोज संबंध येतो. समजा, तेथील काही शिक्षकांनी या दोन भाषांतील शब्दसंग्रहाचा सराव करून घेणारी एक मुक्तस्रोत प्रणाली तयार केली. तीत आज्ञावली आहे, दोनशे लहान पाठ आहेत आणि उच्चारांचे ध्वनिमुद्रणही आहे. ती निपाणी शहरातील शाळेत जावयाची आहे, तशीच खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एखाद्या वाडीवरील शाळेतही जावयाची आहे. पहिल्या ठिकाणी नवा संगणक व वेगवान जोडणी असेल. दुसऱ्या ठिकाणी जुना संगणक व भ्रमणध्वनीवरून घेतलेली मंद जोडणी असेल. गठ्ठा मात्र दोघांस एकच द्यावयाचा आहे.

संपीडन म्हणजे नेमके काय?

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील विणकरांस हे तत्त्व निराळे सांगावयास नको. साडीच्या काठाची रचना लिहून ठेवताना कोणी 'लाल, लाल, लाल' असे चाळीस वेळा लिहीत नाही. 'लाल ४०, पांढरा ८, हा क्रम १२ वेळा' एवढे लिहिले की ५७६ धाग्यांचा हिशेब एका ओळीत येतो, आणि त्या ओळीवरून तोच काठ जसाच्या तसा पुन्हा विणता येतो. संपीडनही असेच होते. मजकुरात जे पुन्हा पुन्हा येते ते पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा आणि इतकी अक्षरे उचल' अशी खूण ठेवली जाते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. उसाचा गूळ केला म्हणजे वजन घटते, परंतु गुळाच्या ढेपेतून पुन्हा ऊस मिळत नाही. छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे लहान करण्याच्या काही पद्धती अशा आहेत. त्यांत बारीक तपशील कायमचा गळून जातो. आज्ञावलीच्या बाबतीत हे मुळीच चालत नाही. एक स्वल्पविराम गळाला तरी प्रणाली बंद पडते. यास्तव संगणकप्रणालीच्या वितरणास सोडल्यानंतर मूळ सामग्री अक्षरशः परत देणाऱ्या, म्हणजे निर्हानी पद्धतीच वापरतात. या लेखातील सर्व पद्धती निर्हानी आहेत.

यावरून आणखी एक गोष्ट ओघाने येते. जे आधीच दाबलेले आहे ते पुन्हा दाबून फारसे लहान होत नाही. एमपी-३ किंवा ओग स्वरूपातील ध्वनी, जेपेग चित्रे, तसेच लिबरऑफिसमधील ओडीटी दस्तऐवज यांत संपीडन अगोदरच झालेले असते. ओडीटी फाईल म्हणजे वस्तुतः एक झिप गठ्ठाच होय. आपल्या उदाहरणातील उच्चारांच्या फायलींवर कितीही प्रबळ पद्धत चालविली तरी लाभ नगण्य राहील.

देवनागरी व कन्नड मजकुराचे वैशिष्ट्य

संगणकात मजकूर साठविण्याची आज सर्वाधिक प्रचलित पद्धत यूटीएफ-८ ही आहे. तीत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णास, मात्रेस व वेलांटीस प्रत्येकी तीन बाइट लागतात. 'निपाणी' या शब्दात न, प, ण ही तीन अक्षरे आणि त्यांची तीन स्वरचिन्हे अशा सहा खुणा आहेत; म्हणून तो १८ बाइट व्यापतो. 'बेळगाव' या शब्दासही १८ बाइटच लागतात. हेच नाव रोमन लिपीत सात-आठ बाइटांत बसते. कन्नड लिपीचीही स्थिती अशीच आहे.

यामुळे आपल्या भाषांतील मजकूर संगणकास जड पडतो, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. पण हे जडपण वरवरचे आहे. देवनागरी खुणेच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५ यांपैकी एक असतो. कन्नडमध्ये पहिला बाइट तोच, २२४, आणि दुसरा १७८ किंवा १७९ असतो. म्हणजे तीनपैकी पहिल्या बाइटात नवी माहिती जवळजवळ नाहीच आणि दुसऱ्यात अगदी थोडी आहे. अशी पुनरुक्ती संपीडनात सहज शोषली जाते. साध्या मजकुराचा मराठी पाठ दाबल्यावर लक्षणीय लहान होतो, याचे हे एक कारण आहे.

येथेच निरनिराळ्या पद्धतींतील फरकाचे मर्मही दिसून येते. जीझिप ही पद्धत पुनरुक्ती शोधताना मागील केवळ ३२ किलोबाइटांपर्यंतच पाहते. मराठी मजकुरात त्या जेमतेम अकरा हजार खुणा होतात. एक्सझेड ही पद्धत तिच्या नेहमीच्या मांडणीत मागील ८ मेगाबाइटांपर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लक्ष खुणांपर्यंत मागे पाहू शकते. पहिल्या पाठातील सूचना दोनशेव्या पाठात पुन्हा आली, तर मधले अंतर मोठे असल्यास जीझिपला ती नवी वाटते. एक्सझेडला ती ओळखू येते. हे मागचे स्मरण जितके लांब, तितका गठ्ठा लहान; मात्र तितकीच संगणकाची स्मृतीही अधिक खर्ची पडते.

प्रचलित पद्धती व त्यांचा पूर्वेतिहास

आजच्या बहुतेक पद्धतींचा पाया अब्राहम लेम्पेल व जेकब झिव या संशोधकांनी १९७७ व १९७८ मध्ये घातला. १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी त्यांच्या पद्धतीत केलेली सुधारणा फार लोकप्रिय झाली, परंतु तिच्यावर एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, हक्क होता. सार्वजनिक वापराच्या साधनास कोणाची तरी परवानगी लागावी ही स्थिती मुक्तस्रोत चळवळीस मानवणारी नव्हती. ही अडचण टाळण्यासाठी जाँ-लू गायी व मार्क ॲडलर यांनी जीझिप तयार केले; ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. वेल्च पद्धतीवरील अमेरिकेतील एकस्व २००३ मध्ये संपले, तोवर जीझिप जगभर रुजले होते. पद्धत निवडताना तिच्यावर कोणाची मालकी आहे, हा प्रश्न पहिला का असावा, ते या इतिहासावरून कळते. रार हे स्वरूप याच कारणाने मुक्तस्रोत वितरणास योग्य नाही; ते सोडण्याची आज्ञावली मिळते, पण तिच्या आधारे ते बांधण्याचे साधन तयार करण्यास तिचा परवाना मनाई करतो.

जीझिप एका वेळी एकच फाईल दाबते. म्हणून अनेक फायलींची आधी एक मोट बांधावी लागते. हे काम १९७९ पासून युनिक्समध्ये असलेले टार हे साधन करते. टारने मोट बांधावी व जीझिपने ती दाबावी, अशी ही जोडी आहे. झिपमध्ये दोन्ही कामे एकत्र होतात, परंतु प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे दाबली जाते. त्यामुळे गठ्ठ्यातील हवी ती एकच फाईल काढता येते. मात्र दोनशे पाठांतील परस्परसाम्याचा लाभ मिळत नाही. लहान लहान, एकमेकींसारख्या फायली पुष्कळ असतील तर टारची मोट बहुधा सरस ठरते.

ज्युलियन सेवर्ड यांचे बीझिप-२ हे १९९६ मध्ये आले. ते जीझिपहून लहान गठ्ठा बांधते, पण सोडण्यास बराच वेळ घेते. नव्या प्रणालींच्या वितरणात त्याचा वापर मागे पडला आहे. लिनक्सच्या गाभ्याचे वितरण करणाऱ्या संकेतस्थळाने २०१३ च्या अखेरीस बीझिप-२ चे गठ्ठे थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि जीझिप व एक्सझेड हे दोनच प्रकार ठेवले. तथापि बीझिप-२ निरुपयोगी झाले असे नव्हे. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा संपूर्ण मजकूर कोणासही उतरवून घेता येतो, आणि तो बीझिप-२ च्या गठ्ठ्यांत दिला जातो. त्याचा एक प्रकार असा बांधलेला असतो की, सोबतच्या सूचीच्या आधारे सर्व गठ्ठा न सोडता हव्या त्या लेखाचा खंड तेवढा सोडता येतो. कामाचे स्वरूप बदलले की योग्य पद्धतही बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एक्सझेड हे स्वरूप २००९ पासून प्रचारात आले. लिनक्सच्या अलीकडील गाभ्याची मोट एक गिगाबाइटहून मोठी असते. जीझिपने ती दोनशे मेगाबाइटांच्या वर राहते, तर एक्सझेडने सव्वाशे ते दीडशे मेगाबाइटांच्या दरम्यान येते. यान कोले यांचे झेडस्टँडर्ड २०१६ मध्ये खुले झाले. सोडण्याचा अतिशय वेग हे त्याचे वैशिष्ट्य आहे. आर्च लिनक्स या वितरणाने आपले संच एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. त्यांच्या निवेदनानुसार संचांचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला, पण सोडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला. अल्पशा जागेच्या मोबदल्यात वापरणाऱ्यांचा पुष्कळ वेळ वाचविणारा हा व्यवहार होता.

खर्च कोणाच्या माथी?

आता हिशेब पाहू. समजा, एखादा गठ्ठा जीझिपने १०० मेगाबाइटचा आणि एक्सझेडने ७० मेगाबाइटचा होतो. सेकंदास दोन मेगाबिट वेगाच्या जोडणीवर पहिला उतरविण्यास ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद लागतील. दुसऱ्यास ४ मिनिटे ४० सेकंद. पन्नास शाळांनी तो उतरविला तर दीड हजार मेगाबाइटांची बचत होते. येथे एक्सझेडचा लाभ उघड आहे. परंतु गठ्ठा मुळात ३०० किलोबाइटचा असेल व तो २२० किलोबाइटवर आला, तर बचत एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची होते. एवढ्यासाठी एखाद्या शाळेस न उघडणारा गठ्ठा देणे शहाणपणाचे नाही.

स्मृतीचाही विचार करावा. एक्सझेड नेहमीच्या पातळीवर चालविल्यास बांधताना सुमारे ९४ मेगाबाइट व सोडताना सुमारे ९ मेगाबाइट स्मृती लागते. सर्वोच्च पातळीवर हेच आकडे अनुक्रमे सुमारे ६७४ व ६५ मेगाबाइट होतात. गठ्ठ्यातील सामग्री ८ मेगाबाइटांहून लहान असेल, तर सर्वोच्च पातळीपासून फारसे काही पदरात पडत नाही, कारण मागे पाहण्यास तेवढा मजकूरच नसतो. जुन्या संगणकांसाठी वितरण करताना 'सर्वोच्च पातळी' हा मोह टाळावा.

उघडण्याची सोय व फायलींची नावे

झिप गठ्ठा विंडोज, लिनक्स व भ्रमणध्वनी या सर्वांवर बहुधा काही न बसविता उघडतो. विंडोज-१० मध्ये २०१८ पासून टारचे साधन अंतर्भूत आहे. विंडोज-११ मध्ये २०२३ पासून टार व इतर स्वरूपे नेहमीच्या खिडकीतूनही उघडता येतात. परंतु त्याहून जुने संगणक अनेक ठिकाणी चालू आहेत, याचा विसर पडू नये. लिनक्सवर चालविण्याच्या फायलींना असलेली 'चालविण्याची अनुमती' टारमध्ये टिकून राहते; झिप विंडोजवर बांधल्यास ती गळण्याचा संभव असतो.

सीमाभागातील वितरकांनी एक विशेष खबरदारी घ्यावी. झिपच्या जुन्या नियमांत फाईलच्या नावासाठी देवनागरी किंवा कन्नड लिपीची तरतूद नव्हती. ती २००६ च्या सुमारास झाली. जुन्या साधनाने बांधलेल्या वा सोडलेल्या गठ्ठ्यातील 'पाठ पहिला' हे नाव निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसू शकते. आतील मजकूर सुरक्षित असतो, पण शिक्षकास पाठ सापडत नाही आणि प्रणालीसही फाईल सापडत नाही. म्हणून गठ्ठ्यातील फायलींची नावे साध्या रोमन अक्षरांत व अंकांत द्यावीत आणि पाठाचे खरे नाव फाईलच्या आत देवनागरीत व कन्नडमध्ये लिहावे.

विश्वासार्हतेचा प्रश्न

गठ्ठा लहान आहे, उघडतोही. पण तो खरा आहे काय? २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणलेल्या प्रकाराने हा प्रश्न जगापुढे आला. दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब त्यांच्या लक्षात आला. त्याचा माग काढता एक्सझेड साधनांच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट लपविलेली आढळली. त्यातील एक निर्णायक भाग प्रकाशित गठ्ठ्यात होता, परंतु सर्वांस दिसणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या भांडारात नव्हता. दोष एक्सझेड या स्वरूपाचा नव्हता. पुढील आवृत्तीत घातक भाग काढून टाकण्यात आला व ती पद्धत आजही वापरात आहे. परंतु मूळ आज्ञावली व प्रकाशित गठ्ठा यांत अंतर राहू देणे किती धोक्याचे आहे, ते या घटनेने दाखवून दिले.

यावर उपाय म्हणजे पडताळणी. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याची पडताळणी-बेरीज, म्हणजे 'चेकसम', प्रसिद्ध करावी व शक्य तेथे अंकीय स्वाक्षरी करावी. बेरीज गठ्ठा वाटेत बिघडला किंवा बदलला नाही हे सांगते. स्वाक्षरी तो कोणी दिला हे सांगते. लिनक्सच्या गाभ्याची स्वाक्षरी दाबलेल्या गठ्ठ्यावर नसून आतील टारच्या मोटेवर असते; त्यामुळे जीझिप घ्या की एक्सझेड घ्या, एकच स्वाक्षरी पुरते.

एकच सामग्री दोनदा दाबली तर गठ्ठ्याचे बाइट तेच येतील, याचीही खात्री नसते. जीझिप आपल्या शीर्षभागात फाईलचे नाव व वेळ नोंदवू शकते. ते वगळण्याची सोय आहे, ती वापरावी. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहब या संकेतस्थळावर आपोआप तयार होणाऱ्या गठ्ठ्यांच्या जीझिप साधनात बदल झाला. आतील सामग्री तीच होती, पण बेरजा बदलल्या व जगभर अनेकांची कामे अडली. तो बदल मागे घ्यावा लागला. म्हणून स्वतः बांधलेला गठ्ठाच प्रसिद्ध करावा, व एकदा प्रसिद्ध केलेला गठ्ठा त्याच नावाने पुन्हा बदलू नये. चूक आढळल्यास नवा आवृत्तिक्रमांक द्यावा.

निष्कर्ष व सूचना

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण व २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. शाळा व कार्यालये यांच्यासाठी होणाऱ्या वितरणातही हीच दृष्टी ठेवावी. उपरोक्त विवेचनावरून पुढील सूचना करता येतील :

(१) ज्याचे नियम प्रसिद्ध आहेत व ज्यावर कोणाच्या परवानगीचे बंधन नाही, असेच स्वरूप निवडावे.

(२) सर्वत्र उघडणारा एक गठ्ठा अवश्य द्यावा; लिनक्ससाठी टार-जीझिप आणि विंडोजसाठी झिप.

(३) सामग्री काही मेगाबाइटांहून मोठी असेल तरच एक्सझेडचा अधिक लहान गठ्ठा जोडीला द्यावा. स्वरूपांची गर्दी करू नये, दोन-तीन पुरेत.

(४) झेडस्टँडर्ड हे जेथे घेणाऱ्याची साधने ठाऊक आहेत अशा ठिकाणी, उदाहरणार्थ एकाच संस्थेच्या संगणकांसाठी, उत्तम आहे. अनोळखी वाचकासाठी ते एकमेव स्वरूप ठेवू नये.

(५) ध्वनी व चित्रे यांचा गठ्ठा निराळा बांधावा. तो न बदलल्यास नव्या आवृत्तीच्या वेळी शाळेस तो पुन्हा उतरवावा लागणार नाही. कोणत्याही संपीडनापेक्षा ही बचत मोठी ठरू शकते.

(६) पडताळणी-बेरीज, आवृत्तिक्रमांक, परवाना आणि गठ्ठा उघडण्याची कृती मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत सोबत द्यावी.

आपल्या उदाहरणातील शिक्षकांनी या सूचना पाळल्या, तर आज्ञावली व पाठ यांचा लहान गठ्ठा झिप व टार-जीझिप अशा दोन रूपांत निघेल आणि उच्चारांचा मोठा गठ्ठा एकदाच जाईल. वाडीवरील शाळेस पाठातील एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी सर्व ध्वनिमुद्रण पुन्हा उतरवावे लागणार नाही. जो गठ्ठा शेवटच्या शाळेत उघडत नाही, त्यातील आज्ञावली नावापुरतीच मुक्त राहते.

स्वाध्याय

१. मराठी पाठाची एक साधी मजकूर-फाईल व एक एमपी-३ फाईल घ्या. दोन्ही झिप करून आधीचा व नंतरचा आकार नोंदवा. फरकाचे कारण सांगा.

२. आपल्या गावाचे नाव देवनागरीत यूटीएफ-८ पद्धतीने किती बाइट व्यापते, ते काढा. मात्रा व वेलांटी स्वतंत्र मोजावी.

३. एकसारख्या वीस लहान फायली प्रथम झिपने व नंतर टार-जीझिपने बांधा. कोणता गठ्ठा लहान झाला? का?

४. एका गठ्ठ्याची पडताळणी-बेरीज काढा. आतील एका फाईलमध्ये एक अक्षर बदलून गठ्ठा पुन्हा बांधा व बेरीज पुन्हा काढा. दोन्ही बेरजांची तुलना करा.

५. आपल्या शाळेतील सर्वांत जुन्या संगणकावर कोणकोणते गठ्ठे काही नवीन न बसविता उघडतात, याची यादी करून ती फळ्यावर लावा.